मदत हवी आहे: १७०७ नंतर एडिनबरोच्या टांकसाळीचा खर्च कुठून?

इंग्लंड-स्कॉटलंड एकीकरणाच्या कराराचं १६वं कलम सांगतं की नाणी दोन्हीकडे एकाच वजन-कसाची, आणि स्कॉटलंडमधली (म्हणजे एडिनबरोची) टांकसाळ चालूच राहणार, पण इंग्लंडच्या नियमांनी. इथवर ठीक. गुंता पैशाचा आहे.

इंग्लंडच्या १६६६च्या कायद्याने नाणी पाडून देणं फुकट केलं. खर्च निघायचा आयात दारूवरच्या जकातीतून: वाइनच्या प्रत्येक टनामागे १० शिलिंग, ब्रँडीवर २०. (हा टन वजनाचा नाही, पिंपाच्या मापाचा.) १७०८च्या कायद्याने एडिनबरोला यातूनच वर्षाला १,२०० पौंडांपर्यंत रक्कम दिली. १७०९मध्ये तिथलं काम थांबलं. पदं मात्र १८१७पर्यंत शिल्लक! नाणं न पाडणाऱ्या टांकसाळीचे हे पगार जकातीच्या हिशेबात वेगळ्या सदराखाली दाखवत, की लंडनच्या खर्चातच मिसळत? मूळ हिशेबवह्या कुणी पाहिल्यात का?

दुसरं, टंचाबद्दल, म्हणजे चांदीच्या शुद्धतेबद्दल. जुनी स्कॉटिश चांदी १२ भागांत ११, म्हणजे हजारात सुमारे ९१६ भाग शुद्ध. नवं नाणं ९२५चं. जुनी नाणी वितळवून नवी पाडताना, वितळवण्यातली घट धरली नाही तर, १०० तोळे जुन्या चांदीत साधारण ११ तोळे शुद्ध चांदी घालावी लागते. हा भुर्दंड नाणी जमा करणाऱ्यावर की सरकारवर?

आणि राणी ॲनच्या चेहऱ्याच्या छापाखाली नुसता ‘ई’ (एडिनबरोची खूण) असलेली व ‘ई’पुढे चांदणी असलेली नाणी वजन-कसाच्या चाचणीला वेगळी ठेवत का? चाचणीचा निकाल पाहिलेल्यांनीच सांगावं, लिलावाच्या कॅटलॉगमधले तर्क नकोत.