मदत हवी आहे: जुन्या प्रोजेक्शन टीव्हीत निळा रंग फाकलाय. आयसी मागवू की आधी आणखी काही तपासू?

कातळसडा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ४३ इंची रिअर प्रोजेक्शन टीव्ही (आतल्या नळ्यांचं चित्र आरशावरून पडद्याच्या मागून टाकणारा) आहे, तीन नळ्यांचा, जपानी बनावटीचा. सासरे २००१ साली कुवेतहून कायमचे घरी आले तेव्हा बरोबर आणला होता. गाव संगमेश्वर तालुक्यात. जवळपासच्या मेकॅनिकांपैकी कोणी हा प्रकार उघडलेला नाही. एक जण येऊन गेले. मागचं झाकण काढल्याबरोबर त्यांनी आतल्या ठोकळ्यावरच्या फोकस आणि स्क्रीनच्या खुंट्यांना हात घातला, तेव्हा मीच त्यांना थांबवलं.

‘एलईडी घ्या’ असं कृपया सांगू नका. एलईडी घरात आहे. हा टीव्ही मला आमच्या वाडीच्या नमनासाठी हवाय. सासऱ्यांच्या भावाने १९९० नंतरची बरीच वर्षं नमन-खेळ्यांचं चित्रण व्हीएचएसवर केलंय. त्यातले मृदंग वाजवणारे, संकासुर नाचवणारे कित्येक जण आता नाहीत. शिमग्यात पालखी येऊन गेली की लोक त्या टेपा बघायला आमच्या माजघरात जमतात. एलईडीवर टेप लावली की चित्र ताणलं जातं, रात्रीच्या दिव्यांभोवती चौकोन फुटतात, चेहरे ओळखू येत नाहीत. या टीव्हीवर तीच टेप मऊ आणि सलग दिसते. टेपा संगणकावर उतरवण्याचं काम वेगळं चालू आहे, पण सगळ्यांनी मिळून बघायला मला हाच टीव्ही हवा.

आता बिघाड. पडद्याच्या मध्यभागी तिन्ही रंग जवळपास जुळतात. डाव्या कडेकडे जावं तशा निळ्या आडव्या रेषा फाकत जातात, वरच्या अर्ध्यात वर आणि खालच्या अर्ध्यात खाली. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षराची निळी सावली दोन बोटं लांब पडते. उभ्या रेषांत निळा बरोबर आहे. हिरवा अगदी सरळ. टीव्ही गार असताना लाल ठीक असतो, पण तापला की उजव्या कडेला थोडा बाहेर सरकतो. गेल्या पावसाळ्यापर्यंत निळाही असाच तापल्यावर सरकायचा आणि बंद करून गार केला की परत जागेवर यायचा. आता तो कायमचा फाकलाय.

मेनूतलं कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एकमेकांवर जुळवण्याची सोय) वापरून पाहिलं. मधली फुली जुळते, कडा हलत नाहीत.

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. सोल्डरिंग हातात आहे, मल्टिमीटर आहे, पण नळीच्या टीव्हीवर काम केलेलं नाही. कन्व्हर्जन्सच्या बोर्डावर मोठ्या हीट सिंकला लावलेल्या दोन आयसी दिसतात, दोन्हींवर एसटीके३९२-११० लिहिलंय. आयसी बदलल्या की झालं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण अंदाजाने सुटे भाग बदलत बसायचं नाहीये. आयसीच गेलीय हे आधी कसं ठरवू? योकची (नळीच्या मानेवर बसून चित्र सरकवणाऱ्या भागाची) गुंडाळी गेली असेल तर ते कसं ओळखायचं? सर्व्हिस मेनूत (मेकॅनिकसाठीच्या लपलेल्या मेनूत) जाऊन निळा हाताने ओढून जुळवावा का? आणि उच्च दाबापासून नेमकं कुठे जपायचं?

जुना मेकॅनिक

ताई, लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की निम्मं निदान त्यातच झालंय. मी हे टीव्ही पुष्कळ उघडलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सर्व्हिस मेनूचं. सध्या तिथे अजिबात जाऊ नका. कडांची प्रत्येक बिंदूवरची दुरुस्ती किती करायची ते आकडे एका मेमरीत साठवलेले असतात आणि तुमच्या सेटचे ते आकडे अजून शाबूत असणार. बिघाड आहे तो आकड्यांप्रमाणे प्रवाह पुरवणाऱ्या भागात. आज निळा ओढून जुळवलात आणि साठवलात, तर आयसी बदलल्यावर तो उलट्या दिशेने फाकेल आणि कारखान्यातलं मूळ जुळणीचं काम पुसलं जाईल. तुमच्या सेटला स्वयंचलित जुळणीचं बटण असेल तर तेही दाबू नका.

आता रेषा का फाकल्या ते. हिरवी नळी मधोमध असते आणि पडद्याकडे सरळ बघते. लाल आणि निळी तिच्या दोन बाजूंना, तिरक्या बसवलेल्या. तिरप्या कोनातून टाकलेलं चित्र एका कडेला मोठं आणि दुसऱ्या कडेला लहान पडतं. हा वाकडेपणा काढायला प्रत्येक नळीच्या मानेवर मुख्य योकच्या मागे आणखी एक छोटं योक असतं. त्यात दोन गुंडाळ्या, एक चित्र आडवं आणि एक उभं सरकवण्यासाठी. तीन नळ्या म्हणजे सहा गुंडाळ्या, त्यांना सहा ॲम्प्लिफायर. तुमच्या एका आयसीत तीन चॅनल, म्हणून दोन आयसी.

निळ्याच्या आडव्या रेषा वर-खाली फाकल्यात आणि उभ्या बरोबर आहेत, याचा अर्थ निळ्याच्या उभ्या दिशेच्या गुंडाळीला प्रवाह पोचतच नाही. नळीचं मूळचं तिरकं चित्र तसंच्या तसं दिसतंय. चॅनल शॉर्ट होऊन आउटपुट पुरवठ्याला चिकटलं असतं, तर मध्यभागासकट सगळा निळा एका अंगाला सरकला असता. तसं झालेलं नाही. त्यामुळे मला आयसीइतकाच संशय आहे तिच्या शेजारच्या कमी ओहमच्या, एक-दोन वॅटच्या रेझिस्टरांवर. आयसी बिघडताना ते उघडे पडतात, म्हणजे आतून तुटतात आणि प्रवाह जाऊ देत नाहीत. लोक नुसत्या आयसी बदलतात, चित्र तसंच राहतं, मग ‘आयसी खोट्या निघाल्या’ म्हणतात.

गुंडाळी तपासणं सगळ्यात सोपं. सेट बंद, प्लग भिंतीतून काढलेला. तिन्ही छोट्या योकचे प्लग बोर्डावरून काढा आणि ओहम मोजा. आडव्या तिन्ही एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, उभ्या तिन्ही एकमेकींशी. जुळल्या तर योक विसरून जा. प्लगांना आधी मार्करने खुणा करा, सारखे दिसतात.

मग निळ्याच्या उभ्या गुंडाळीच्या प्लगपासून बोर्डाचा ट्रॅक मागे मागे धरत आयसीच्या कुठल्या पायावर पोचतो ते बघा. वाटेत भेटणारा प्रत्येक रेझिस्टर मोजा, शंका आली तर एक पाय उचलून मोजा. पाच ओहमच्या आसपास मोजताना मीटरच्या वायरींचा स्वतःचा अर्धा ओहम वजा करायला हवा. आयसीच्या आउटपुटपासून दोन्ही पुरवठ्यांच्या पायांकडे शॉर्ट आहे का तेही बघा. पुरवठ्याच्या वाटेवर रेझिस्टरसारखे दिसणारे छोटे फ्यूज असतात, ते गाळू नका. लालचा आडवा चॅनल त्याच आयसीत निघाला तर कोडं सुटलं म्हणायचं.

उच्च दाबाचं: नळ्यांच्या काचेला रबरी टोपीखाली जाणारी जाड वायर, तिच्यावर ३० हजार व्होल्टच्या आसपास असतात. कन्व्हर्जन्सचा बोर्ड काढताना तिला हात लावायची गरज पडत नाही. प्लग काढल्यावर सेट बराच वेळ तसाच ठेवा, पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर मीटरने तपासा आणि मगच हात घाला. सेट उघडा असताना घरात दुसरं कोणी मोठं माणूस असू द्या.

पेठकर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. दोन गोष्टींची भर घालतो.

सोल्डरचे डाग भिंगातून बघा. या आयसी सतत तापतात आणि गार होतात, त्यामुळे पायांभोवती बारीक गोल चीर पडते. निळा आधी तापल्यावर सरकायचा आणि गार झाल्यावर परत यायचा, हे ड्राय सोल्डरचंही (सैल पडलेल्या सांध्याचंही) लक्षण आहे. कोकणातली दमट हवा त्यात भर घालते.

दुसरं, नळी आणि लेन्सच्या मधलं द्रव. गार ठेवण्यासाठी तिथे ग्लायकॉलचं मिश्रण भरलेलं असतं. ते जुन्या सीलमधून झिरपून खालच्या बोर्डावर पडलेलं मी पाहिलंय. चिकट ओघळ दिसला तर आधी गळती थांबवायला हवी, नाहीतर नवीन आयसी घालून उपयोग नाही. एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, तेव्हा मांजर-कुत्रं, लहान मुलं लांब ठेवा.

आयसी सॅन्योच्या होत्या, त्या बनेनाशा होऊन जमाना झाला. नवीन म्हणून स्वस्तात विकल्या जातात त्यांत नकली फार. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वतः जाऊन जुना साठा असलेलं दुकान शोधा, किंवा भंगारातल्या सेटवरून काढलेली चांगली जोडी मिळते का बघा. काढलेली अस्सल आयसी नव्या नकलीपेक्षा मी केव्हाही पसंत करेन. आकडा तोच घ्या. ३९२ मालिकेत पुढचा आकडा बदलला की चालणारा व्होल्टेजही बदलू शकतो.

कातळसडा

दोघांचे मनापासून आभार. मोजमापं झाली.

आडव्या तिन्ही गुंडाळ्या एकमेकींशी जुळतात, उभ्याही जुळतात. योक ठीक. निळ्याच्या उभ्या चॅनलच्या वाटेवरचा ५.६ ओहमचा रेझिस्टर पूर्ण उघडा आहे. वरून अजिबात जळका दिसत नाही, रंगाचे पट्टे लख्ख आहेत. आउटपुट कुठे शॉर्ट नाही. लालचा आडवा चॅनल त्याच आयसीत निघाला! त्या आयसीच्या तीन पायांभोवती चीर स्पष्ट दिसते. हीट सिंकची पेस्ट वाळून खडूसारखी झालीय. द्रवाचा ओघळ कुठे नाही.

आता फक्त रेझिस्टर बदलून आणि सोल्डर करून पाहू, की आयसीही बदलू?

जुना मेकॅनिक

आयसीही बदला, आणि दोन्ही बदला. रेझिस्टर आपोआप उघडा पडत नाही, त्यातून जास्त प्रवाह गेलेला असतो. दुसरी आयसी तेवढेच तास तापलीय. बोर्ड एकदा बाहेर काढलाय तेव्हा अर्धं काम ठेवू नका.

जुनी आयसी अख्खी उपसायला जाऊ नका. १८ पाय एकदम सुटत नाहीत आणि ओढाताणीत प्रिंट उचलली जाते. कटरने पाय आयसीच्या अंगाजवळ कापा, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने काढा, भोकं पंप आणि विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) साफ करा. हीट सिंक स्पिरिटने पुसा, नवीन पेस्ट अगदी पातळ लावा. क्रम महत्त्वाचा: आधी आयसी स्क्रूने हीट सिंकला घट्ट बसवा, नंतर पाय सोल्डर करा. उलट केलंत तर स्क्रू आवळताना सगळा ताण पायांवर येतो आणि वर्षभरात पुन्हा चिरा पडतात. सोल्डर ६०/४० (कथील-शिसे) वापरा. रेझिस्टर त्याच वॅटचा आणि न पेटणाऱ्या प्रकारातला घ्या, साधा कार्बनचा नको.

कातळसडा

काम झालं. आयसीची जोडी भंगारातल्या एका सेटवरून मिळाली, दोन्ही मोजून घेतल्या. सेट चालू केल्याबरोबर निळा जागेवर आला, मेनूला हातही लावावा लागला नाही. साठवलेले आकडे शाबूत असणार हे तुमचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. सासऱ्यांना बोलावून दाखवलं, त्यांनी पडद्याजवळ जाऊन कोपरा न् कोपरा तपासला.

तापल्यावर लाल आता सरकत नाही. फक्त उजव्या खालच्या कोपऱ्यात लालची बारीक कड उरलीय, केसभर. आणि निळा हिरव्यापेक्षा किंचित धूसर (कमी रेखीव) वाटतो. आता सर्व्हिस मेनूत जाऊन हे जुळवू का? आरशावर धूळही बरीच आहे.

जुना मेकॅनिक

अभिनंदन! निळा किंचित धूसर असणं स्वाभाविक आहे. उजेड वाढावा म्हणून बऱ्याच सेटांत कारखान्यातच निळ्याचा फोकस थोडा सैल ठेवतात. तो ‘सुधारायला’ जाऊ नका.

कोपऱ्यातला लाल: घाई नको, आधी महिनाभर रोज वापरा. मग सेट अर्धा तास तापू द्या आणि जाळी (आडव्या-उभ्या रेषांचं चाचणीचं चित्र) लावा. सर्व्हिस मेनूत गेलात तर आधी आहेत ते आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हिरव्याला हात लावू नका, तोच आधार. त्याच्याशी लाल जुळवा, फक्त त्या कोपऱ्याचा बिंदू आणि लगतचे, एका वेळी एकच पायरी. साठवण्याआधी टेप लावून दोन पावलं मागून बघा. जाळीवर दिसणारी केसभर चूक नमन चालू असताना दिसत नसेल, तर काही करू नका.

आरशाचा मुलामा काचेच्या वरच्या अंगाला असतो, घरच्या आरशासारखा मागे नाही. ओलं फडकं किंवा काच पुसायचं औषध लागलं तर कायमचे ओरखडे पडतील. हातपंपाच्या फुंकणीने धूळ उडवा, उरलेली मऊ कोरड्या ब्रशने, वरून खाली. लेन्सलाही आधी फुंकणीच. झाकण लावण्याआधी खालच्या जाळ्या साफ करा, आयसीला हवा तिथूनच मिळते.