मावा सोडायचा तर कट्टाही सोडावा लागतो का? सांगलीकरांनी बोला

हळदीचं_पेव
आमच्या बॅचची बरीच पोरं पुण्यात नोकरीला आहेत. सोमवार ते शुक्रवार तोंड रिकामं. शनिवारी पहाटे सांगलीत उतरली की बॅग घरी टाकायच्या आधी विश्रामबागच्या टपरीवर हजर. मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घासून केलेली पुडी, पुण्यात मिळत नाही असं नाही. तिथं आठवणच होत नाही म्हणतात.

माझं म्हणणं सरळ आहे. विशी-पंचविशीत सवय मोडायची असेल तर मनोनिग्रहाचं कौतुक बाजूला ठेवा आणि कट्टा सोडा. निदान सहा महिने. रक्तातलं निकोटिन साधारण 2 तासांत निम्म्यावर येतं. नुसत्या निकोटिनचा खेळ असता तर तलफ घड्याळ लावून आली असती. ती येते चहा संपला की, मॅच सुरू झाली की, शेजारचा प्लॅस्टिकवर मावा घासायला लागला की. म्हणजे ती जागेला आणि माणसांना चिकटलेली आहे.

आणि ते '21 दिवसांत कुठलीही सवय सुटते' वालं स्टेटस आता बंद करा. 1960 साली अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की रुग्णाला आपला नवा चेहरा आपला वाटायला निदान 21 दिवस जातात. त्यातला 'निदान' गळाला आणि चेहऱ्याच्या जागी व्यसन आलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांवर अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18, कुणाला 254. तेही जेवणाबरोबर फळ खाणे असल्या साध्या गोष्टींसाठी. इथं तर जुनी सवय मोडायची आहे.

कुपवाड_सेकंड_शिफ्ट
कट्टा सोडा म्हणणं लय सोपं हाय भावा. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या आज्जीला खांद्यावर घेऊन माडीवरून खाली आणलं ते कट्ट्यावरच्याच पोरांनी. वडील मिरजेला ॲडमिट होते तेव्हा रक्त द्यायला तीच आली. एमआयडीसीत जागा निघाली की पहिला फोन त्यांचाच. त्यांना सहा महिने तोंड दाखवायचं नाही? का तर मी पुडी सोडतोय?

दुसरं, कामावर काय करणार? आमच्याकडं ब्रेक म्हणजेच मावा. सुपरवायझर स्वतः पुडी पुढं करतो. नको म्हटलं की 'आला मोठा शहाणा'. तू कट्टा सोडशील, शिफ्ट कशी सोडशील?

तालीमवाला
दोघंही फुकट डोकं खाताय. आमच्या तालमीत पोरगं आलं की वस्ताद पहिल्या दिवशी खिसे उलटे करायला लावतात. पुडी सापडली तर माती बंद. महिन्याभरात सुटते. मनावर घेतलं की झालं, बाकी सगळी कारणं.

हळदीचं_पेव
@तालीमवाला अरे, तू माझंच म्हणणं मांडलंस. त्या पोराने मनावर घेतलं असतं तर घरी बसून सोडलं असतं. त्याचं सुटलं कारण संध्याकाळी पाच ते आठ तो टपरीवर नसतो, तालमीत असतो. भोवती अशी माणसं की तिथं तंबाखू लाजेची गोष्ट. यालाच मी कट्टा बदलणं म्हणतो.

@कुपवाड पुराचं म्हणणं मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्यांनी आज्जीला खांद्यावर घेतलं त्यांना 'माझ्यासमोर घासू नका' एवढं सांगता येत नसेल, तर प्रश्न फक्त माव्याचा नाही.

मिरजेची_इंटर्न
मी दातांच्या ओपीडीत बसते, म्हणून थोडं लांब लिहिते.

आधी एक करा. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर ही चर्चा सोडा आणि तपासून घ्या. बावीस-तेवीस वर्षांची पोरं येतात, त्यांना तिखट लागलं की तोंडाची आग होते, गाल आतून ताठ झालेले, भडंगाचा बकाणा मारता येत नाही. हा सबम्युकस फायब्रोसिस, आणि तो मुख्यतः सुपारीमुळे होतो. सुपारी बंद केली तर पुढची वाढ थांबू शकते, पण आधी झालेला ताठपणा पूर्ण जात नाही. शिवाय त्यातून कर्करोगाचा धोका असतो.

म्हणून 'मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी' असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 च्या अहवालात तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकली. आणि सुपारीचीही स्वतःची तलफ असते. मावा म्हणजे दोन व्यसनं एका पुडीत.

आता वादाबद्दल. हळूहळू कमी करू की एकदम बंद, हे रोज विचारतात. इंग्लंडमध्ये जवळजवळ 700 लोकांवर झालेला अभ्यास 2016 साली छापून आला. एकदम सोडणाऱ्यांपैकी 49 टक्के चार आठवड्यांनंतरही टिकून होते, हळूहळूवाल्यांपैकी 39 टक्के. सहा महिन्यांनी हेच आकडे 22 आणि 15.5 वर आले. म्हणजे एकदम बंद बरं, पण फार छाती फुगवण्यासारखं तेही नाही. शिवाय ते सगळे सिगारेटवाले होते आणि त्यांना निकोटिनचे पॅच, गम दिले होते, हे तालीमवाल्या दादांनी लक्षात घ्यावं.

निकोटिन गम इथं बहुतेक जण चुकीचा खातात. च्युइंगगमसारखा सारखा चघळायचा नसतो. थोडा चावायचा, झिणझिणलं की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा, चव गेली की परत चावायचा. वरून चहा घेतला तर निकोटिन नीट शोषलं जात नाही. सांगलीत ही अट पाळणं अवघड आहे, कल्पना आहे.

वाळव्याची_लेक
पूर्ण धागा वाचला. कट्टा, तालीम, शिफ्ट. मुली काहीच खात नाहीत असं समजायचं का?

आमच्याकडे मिश्री आहे. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची, डबी मोरीतल्या फळीवर. आज्जी लावते, आई लावते, दात दुखतो म्हणून मुलीला पण बोटभर. हॉस्टेलवर माझ्या ओळखीच्या मुली लपून लावतात, कारण लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं डोक्यात बसलंय. तिला तू काय सांगणार, पेव? मोरी सोड?

2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ होते 3.8 टक्के आणि बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4 टक्के. आणि अभ्यास बघावा तर सिगारेटचे.

हळदीचं_पेव
@वाळव्याची_लेक ताई, डबी मोरीतून हलवता येत नाही का? प्रामाणिक प्रश्न आहे.

वाळव्याची_लेक
डबी आज्जीची आहे. मी हलवली तर ती नवीन भाजेल. आज्जीने सोडल्याशिवाय घरातलं सुटत नाही, आणि सत्तरीच्या बाईला कुणी सांगायचं? आम्ही बहिणी टूथपेस्ट घेऊन अंगणातल्या नळावर जातो, एवढाच तोडगा निघालाय.

पानपट्टी_तिसरी_पिढी
बोलू का? मीच तो टपरीवाला समजा.

2012 ला गुटखाबंदी आली तेव्हा वाटलं धंदा बसला. पोरं माव्याकडं वळली. आज मी अठराच्या आतल्याला देत नाही, शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत विकता येत नाही हा कायदाच आहे. तो सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही.

माझ्या टपरीवर निम्मी पोरं माव्याला येत नाहीत, उभं राहायला येतात. घरात दोन खोल्या, टीव्हीसमोर वडील, जाणार कुठं? मावा ही उभं राहायची फी झाली. मी कडेला ताक आणि लिंबू सरबत ठेवायला लागलो, ते घेऊन पण उभी राहतात. सगळी नाहीत.

आणि खरंच सोडायची असेल तर टपरीवाल्याला सांगा, 'मला उधारी देऊ नका'. माझ्या वहीतली दोन-चार नावं अशी कमी झाली. रोख वीस रुपये काढताना माणूस थांबतो, वहीत लिहिताना थांबत नाही. धंद्याला मार आहे, पण सांगतो.

तालीमवाला
मामा, तुम्हीच विकणार आणि तुम्हीच सोडवणार, हे भारी आहे.

पानपट्टी_तिसरी_पिढी
मग काय करू पैलवान? दोन पोरं शिकतायत माझी. उद्या हा धंदा बंद झाला तर आइस्क्रीम विकीन. तोपर्यंत खोटं तरी बोलत नाही.

कुपवाड_सेकंड_शिफ्ट
उधारीचं पटलं. माझी वही आहे एका ठिकाणी, उद्या मिटवतो. पण कट्टा सोडणार नाही म्हणजे नाही. गम घेऊन उभा राहीन.

मिरजेची_इंटर्न
गम आणायच्या आधी एकदा 1800-11-2356 ला फोन करा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत लाइन आहे, माणूस बोलतो. किती पुड्या खाता ते खरं सांगा, सगळे निम्म्या सांगतात.

हळदीचं_पेव
माझं मत बदललेलं नाही, पण सहा महिन्यांचा हट्ट सोडतो. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो. चिडचिड, झोप नाही, डोकं जड. @कुपवाड निदान ते दिवस तरी कट्ट्यावर जाऊ नको. आज्जीला खांद्यावर घेणाऱ्या पोरांना फोनवर सांग.

कुपवाड_सेकंड_शिफ्ट
चार दिवस जमवतो. शुक्रवारपर्यंत. शनिवारी मॅच आहे, येणार.