मदत हवी आहे: पाचव्या डोसनंतर उंदरांना तीव्र अ‍ॅलर्जी

नमस्कार. मी एमपीएस-१ (म्युकोपॉलिसॅकरिडोसिस प्रकार १) या आनुवंशिक आजाराच्या उंदरांवर काम करते. त्यांच्यात आयड्युरोनिडेज हे एन्झाइम तयारच होत नाही, त्यामुळे लायसोसोममध्ये (पेशीतल्या कचरा मोडणाऱ्या पिशव्यांमध्ये) लांब साखरसाखळ्या साचत जातात. आम्ही दर आठवड्याला शेपटीच्या शिरेतून मानवी एन्झाइम देतो. पहिले चार डोस सुरळीत गेले, यकृत आणि प्लीहेतला साठाही छान उतरला. पाचव्या डोसनंतर मात्र काही मिनिटांतच दोन उंदीर निपचित पडले, त्यातला एक गेला. तेव्हापासून सिरिंज भरताना हात अडखळतो.

या उंदरांच्या शरीराने हे प्रथिन कधी पाहिलेलंच नाही, म्हणून ते परकं ठरतं आणि प्रतिपिंडं तयार होतात. जीव जातो ते तर वाईटच, पण मला दुसरीही काळजी आहे. प्रतिपिंडं चिकटलेलं एन्झाइम मॅनोज-६-फॉस्फेट रिसेप्टरमार्फत (एन्झाइमला पकडून आत घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनामार्फत) पेशीत नीट शिरत नसेल, तर पुढच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

याच आजाराच्या कुत्र्यांत सायक्लोस्पोरिन आणि अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन एन्झाइमबद्दल सहनशीलता आणली गेली आहे. पाँपे या अशाच दुसऱ्या एन्झाइम-कमतरतेच्या आजाराच्या उंदरांत सुरुवातीच्या डोसांबरोबर मेथोट्रेक्सेट (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दिल्यावर प्रतिपिंडं कमी झाली. एमपीएस-१ च्या उंदरांत यातलं काही कुणी वापरलंय का? आधी डायफेनहायड्रामिन हे अ‍ॅलर्जीचं औषध दिलं तर पुरतं का, आणि किती वेळ आधी द्यावं? की नवजात पिल्लांपासूनच सुरुवात करावी? पुढचा डोस मी थांबवून ठेवलाय. ज्यांनी स्वतः हे हाताळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.