फाईल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडते? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

मी अशोक चौकात चादरींची डिझाइनं करतो. पुतण्यानं एका बीएमपी (ठिपका न् ठिपका जसाच्या तसा ठेवणाऱ्या चित्राच्या) फाईलवर 'ओपन विथ'मधून फोटोंचा प्रोग्रॅम निवडला आणि 'ऑलवेज' दाबलं. झालं, सगळीच डिझाइनं फोटोंसारखी उघडायला लागली. "काका, फाईल बिघडली," म्हणत त्यानं नावाच्या शेवटी जेपीजी लावलं. पाटी बदलल्यानं आतला माल बदलत नाही. पण एक डिझाइन खरोखरच जेपीजी म्हणून सेव्ह झालं, ते मात्र गेलं; जेपीजी फाईल लहान करताना ठिपक्यांचे रंग थोडे बदलते. जकार्डला, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्राला, ठिपका न् ठिपका मोजलेला लागतो. मोठं करून बघितलं तर मोराच्या लाल कडेला चार-पाच तऱ्हेचे मळकट लाल ठिपके. अशानं माग विणणार काय? मूळ फाईल पेन ड्राइव्हवर होती म्हणून निभावलं. बाकीच्यांसाठी राइट क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर अ‍ॅप', आपला प्रोग्रॅम आणि 'ऑलवेज', एवढं पुरलं. तुमचं काय झालं होतं?

जुळे सोलापूर, शाळेत लिपिक
आमच्याकडे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची यादी) एक्सेलमध्ये उघडते, त्यामुळे काही चुकतंय असं वाटतच नाही. मुलांच्या खाते क्रमांकांची यादी उघडली तर सुरुवातीची शून्यं गायब आणि १६ आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य! एक्सेल १५ च आकडे धरतं. नुसती उघडून बंद केली तर फाईल शाबूत राहते, मी सेव्ह केली होती. दोन दिवस पासबुकं घेऊन एकेक क्रमांक पुन्हा भरला. आता 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'नं आणते आणि तो रकाना 'टेक्स्ट' ठेवते.

नवी पेठ, झेरॉक्स-प्रिंटचं दुकान
गिऱ्हाईक मोबाइलवरून पाठवतं, कधी फाईलला शेपूटच (नावाच्या शेवटचं .पीडीएफ, .जेपीजी वगैरे) नसतं. नोटपॅडमध्ये उघडून पहिली अक्षरं बघायची: %पीडीएफ असेल तर पीडीएफ, पीके असेल तर झिप नाहीतर वर्डच्या डॉक्सएक्ससारखी नवी ऑफिस फाईल. सेव्ह न करता बंद करायची. आणि 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाईलची शेपटं दिसतील असं करूनच ठेवा, 'बिल.पीडीएफ' दिसणारी फाईल प्रत्यक्षात ईएक्सई, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम, निघू शकते.

होटगी रोड
बाबांची जुनी पत्रं वर्डमध्ये उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. प्रोग्रॅम बदलून बदलून थकले. दोष फॉन्टचा होता, पत्रं युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. तोच फॉन्ट मिळवून टाकला आणि पहिली ओळ दिसली: ती. सौ. आईस शि. सा. न.