वरचं बीपी 118 आलं म्हणजे पेशंट शॉकमधून (अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याच्या अवस्थेतून) बाहेर आला का?

रातपाळीवाला: माझं उत्तर, नाही. पंचविशीतला बाइकवाला, मांडी मोडलेली, दोन पिशव्या रक्त चढवलेलं, बीपी 118. "स्टेबल आहे, वॉर्डात हलवा," सगळे म्हणाले. एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) काढला तर लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात साचतं ते, 5.4, बरंच चढलेलं! तरुण शरीर हातापायांच्या, आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळून तीस टक्के रक्त जाईपर्यंत बीपी तोलून धरतं. ते बीपी उसनं. 1993 साली एब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी 76 जखमी पाहिले. 24 तासांत लॅक्टेट उतरलेले 27 च्या 27 जगले. 48 तासांतही न उतरलेल्या 22 पैकी फक्त 3. लॅक्टेट उतरेपर्यंत केसपेपरवर 'स्टेबल' लिहूच नये.

तालुक्याचा सर्जन: एबीजी मशीन पाठवता का आमच्याकडे? आणि लॅक्टेट काय कमी लबाड आहे? पेशंट दारू प्यायलेला असेल, अ‍ॅड्रिनलिन चालू असेल, लिव्हरला मार असेल, तरी ते चढलेलंच राहतं. मग आकडा उतरवायला सलाईन ओतायचं, आणि सकाळी पोट नगाऱ्यासारखं, लघवी बंद. मी बोटाचं पेर दहा सेकंद दाबतो, सोडल्यावर तीन सेकंदांत रंग परतला पाहिजे. 2019 च्या अँड्रोमेडा-शॉक नावाच्या अभ्यासात ही पद्धत लॅक्टेटपेक्षा कमी पडली नाही.

रातपाळीवाला: सर, तो अभ्यास सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाने आलेल्या शॉकचा, जखमींचा नाही! पावसात तासभर रस्त्यावर पडलेल्याची बोटं तशीही गारच असतात.

भूलवाली: भांडा खुशाल, पण रक्त वाहायचं थांबलंय का ते आधी सांगा. ते वाहत असेल तर शॉक 'संपला' कसला? 1994 मध्ये ह्यूस्टनला भोसकलेले, गोळी लागलेले 598 जण पाहिले: ऑपरेशनपर्यंत सलाईन रोखलेल्यांपैकी 70 टक्के वाचले, लगेच दिलेल्यांपैकी 62. डोक्याला मार असेल तर मात्र हे चालणार नाही, तरुणात सिस्टोलिक (वरचं बीपी) 110 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. आणि बेस डेफिसिट (रक्त किती आम्ल झालंय त्याचा आकडा) बघणाऱ्यांनो, नॉर्मल सलाईनचं क्लोराइडच तो वाढवतं. आपणच द्यायचं, आपणच घाबरायचं.

रातपाळीवाला: क्लोराइडचं मान्य. पण 5.4 वर वॉर्डात? नाही म्हणजे नाही.

तालुक्याचा सर्जन: वॉर्डात कोण म्हणालं? मला ठरवायचं असतं, नव्वद किलोमीटर अँब्युलन्समध्ये टिकेल की आधी इथेच पोट उघडू. तिथे पेर, नाडी आणि लघवीची पिशवी, एवढंच हाताशी असतं.