फ्यूजनचा चटका आणि दीड चमचा पाणी

अमृत फ्यूजन ही व्हिस्की नुसती घेतली की चटका बसतो आणि बर्फ घातला की चव जाते, ही तक्रार दोन्ही बाजूंनी खरी आहे. फ्यूजनमध्ये अल्कोहोल 50 टक्के, आपल्याकडच्या नेहमीच्या बाटल्या 42.8 च्या. 30 मिलीत दीड चमचा (7.5 मिली) पाणी घातलं की ती बरोबर 40 वर येते. पण एकदम ओतू नका. पाव पाव चमचा घालत दरवेळी वास घ्या. माझ्या मते पाऊण चमच्यावर थांबावं. पाणी नळाचं नको, क्लोरीनचा वास पीटच्या (माल्ट वाळवायला जाळतात ती दलदलीतली माती) धुरावर चढतो.

इंदूरच्या मे महिन्यात खोलीच 38 अंशांवर असते, त्यामुळे नाकात निव्वळ स्पिरिट भरतं. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. ग्लास तोंडाशी निमुळता हवा.

आवडती व्हिस्की ठरवायची असेल तर 15-15 मिलीच्या तीनच घ्या, धुराची शेवटी. आधी घेतली तर बाकीच्या फिक्या वाटतात. आणि लौंग सेव तेवढी बाजूला ठेवा हो! लवंगेनं जीभ बधिर झाल्यावर सगळ्या बाटल्या सारख्याच.