पहिल्यांदा मीटिंगला जायचंय. शोधायची कशी, आणि आत नेमकं काय होतं?

काठावरचा: दारू सोडायला गटाच्या मीटिंगला जायचं ठरवलंय. यादी काढली, तर प्रत्येक नावापुढे ओपन, क्लोज्ड, स्टेप, बिगिनर्स असं काहीबाही. यातली कुठली धरायची? सगळ्यांसमोर बोलावं लागतं का? पैसे, नाव-पत्ता काही? देव मानत नसलो तर? बायको सोबत येते म्हणते, चालेल का?

मागची_खुर्ची: ही यादी बहुधा अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे एएची असणार. ओपन म्हणजे कुणीही येऊन ऐकू शकतं, घरचेसुद्धा. क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. बायकोला न्यायचं असेल तर ओपनच धरा. स्टेप मीटिंगमध्ये एएच्या दारू सोडायच्या बारा पायऱ्यांपैकी (स्टेप्स) एकेक घेऊन बोलतात, नवख्याला ती मध्येच सुरू झाल्यासारखी वाटते. सुरुवात बिगिनर्सने किंवा स्पीकर मीटिंगने करा. स्पीकरमध्ये एकदोघं बोलतात, बाकी ऐकतात.

यादीवर विसंबून थेट जाऊ नका. वेळ बदललेली असते, खोली बदललेली असते, कधी गटच बंद पडलेला असतो आणि यादीत नाव तसंच राहतं. बंद दारापुढे उभं राहिलेला माणूस परत येत नाही. आदल्या दिवशी हेल्पलाइनला फोन करून एवढंच विचारा: मीटिंग अजून भरते का, कुठल्या दाराने यायचं, नवीन माणसाला कुणी भेटेल का. बऱ्याचदा दारात कुणीतरी थांबतं.

आत साधारण तास-दीड तास. आधी ठरलेलं वाचन, मग एकेकाचं शेअरिंग, म्हणजे आपापला अनुभव सांगणं. पाळी आली की ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की झालं, ‘का?’ असं कुणी विचारत नाही. नाव फक्त पहिलं. फी नाही. शेवटी पेटी किंवा टोपी फिरते, तीत सभासद खोलीभाडं आणि चहापुरतं टाकतात. नवीन माणसाने ती तशीच पुढे सरकवली तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा.

निळी_शाई: वरच्या सगळ्याआधी एक गोष्ट. रोज भरपूर पीत असाल तर मीटिंगच्या उत्साहात एकदम बंद करू नका. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, उलटी, झोप उडणं सुरू होतं. फिट यायचा धोका पहिल्या दोन दिवसांत. भास, गोंधळ आणि ताप असलेला डेलिरियम ट्रेमेन्स साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो आणि जिवावर बेततो. आधी कधी फिट आली असेल तर घरी प्रयोग नकोच. डॉक्टर औषध देऊन उतरवतात, सोबत थायमिन म्हणजे बी-1 देतात. गटात दारू सुटण्याआधीही जाता येतं, पण गट म्हणजे दवाखाना नव्हे.

चौकट: देवाचं. पायऱ्यांमध्ये देव आहे, पण ‘आम्हाला समजला तसा’ अशी मोकळीक ठेवून. पायऱ्यांमध्ये जिला उच्चशक्ती म्हणतात, म्हणजे आपल्याहून मोठी शक्ती, तिच्या जागी पुष्कळजण गटालाच धरतात. तेही जमत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी बघा, दारू सोडणाऱ्यांचे एएपेक्षा वेगळे गट. तिथे पायऱ्या नाहीत, देव नाही. कागदावर चार चौकटी आखतात: पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, सोडण्याचे फायदे, सोडण्याचे तोटे. पहिली चौकट लोक लाजून रिकामी ठेवतात, आणि घोळ तिथेच होतो. ‘झोप लागते’, ‘चारचौघांत बोलता येतं’ हे खरं लिहिलं नाही, तर त्या जागी दुसरं काय आणायचं हे कळणार कसं?

फरक आणखी एक. एएत कुणी बोलताना मध्ये उत्तर द्यायचं नसतं. तुमचं ऐकून सगळे गप्प राहिले तर दुर्लक्ष झालं असं समजू नका, ती तिथली रीत आहे. स्मार्टमध्ये उलट चर्चा होते.

काठावरचा: आणि त्या दिवशी प्यायलेलो असलो तर? एकदा जाऊन नाही पटलं तर?

मागची_खुर्ची: प्यायलेले असलात तरी शक्यतो जा, फक्त गप्प बसा आणि गाडी चालवू नका. बोलायचं ते शुद्धीवर असताना. स्लिप झाली, म्हणजे सोडल्यावर पुन्हा प्यायलो, म्हणून मीटिंग चुकवायची आणि चुकवली म्हणून पुन्हा प्यायची, हे चक्र फार लवकर पक्कं होतं.

एका गटावरून ठरवू नका, निदान पाच-सहा वेगवेगळे बघा. एकीकडे वाचनच जास्त, दुसरीकडे दोनच माणसं सगळा वेळ खातात. एएत जुने लोक 90 दिवसांत 90 मीटिंगा म्हणतात. तो नियम नाही, पण सुरुवातीला आठवड्याला एक फारच विरळ पडते. जी वेळ तुमची प्यायला बसायची, तीच मीटिंगला द्या.

आणि मीटिंग संपल्या संपल्या सटकू नका. लोक खुर्च्या आवरत असतात, तुम्हीही दोन उचला. फोन नंबर त्याच वेळी मिळतात. दोन-तीन घ्या आणि तलफ नसताना एकदा लावून बघा. अनोळखी माणसाला पहिला फोन ऐन तलफेत करायला हात उचलत नाही. स्पॉन्सरची, म्हणजे नव्याला हाताशी धरणाऱ्या जुन्या सभासदाची, घाई नको. ज्याला सोडून बराच काळ झालाय आणि जो तुमच्याकडून पैसे किंवा कामं मागत नाही, असा बघा. ‘औषधं बंद कर’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब.

निळी_शाई: बायकोसाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, वेगळं असतं, 1951पासून. तिथे विषय तुमची दारू कशी सोडवायची हा नसतो, त्यांचं स्वतःचं काय हा असतो. त्यांना तिथे एकटीलाच जाऊ द्या, आणि परत आल्यावर ‘काय बोललीस?’ विचारू नका.